त्र्याण्णव टक्के पोहणाऱ्यांची वस्ती

४ मार्च, मंगळवार

आज ऑफिसात मीटरच्या वहीसोबत आणखी एक वही हातात ठेवली. विभागाचे साहेब म्हणाले, "तुम्ही नाहीतरी घरोघर फिरताच. पाण्याचा आकडा घेता घेता एवढं विचारून या." एवढं म्हणजे, घरात माणसं किती आणि त्यातल्या कितींना पोहता येतं. नाहीतरी फिरताच म्हणे. एकोणीस वर्षं मी काय हवा खायला फिरतेय?

पण काम कशासाठी आहे ते कळल्यावर गप्प बसले. गेल्या वर्षी बेकरीवाल्याचा धाकटा भाऊ कालव्यात बुडाला. पुलाखालच्या पायऱ्यांवर बसून पावाचे पत्रे धुवत होता, पाय घसरला. भरदिवसा, माणसांच्या गर्दीत. त्यानंतर वस्तीने अर्ज केला होता की कालवा आमच्या मागच्या दाराशी आहे, तेव्हा सार्वजनिक तलावाच्या शेजारचा जो छोटा, उथळ तलाव आहे तिथे पोहायला शिकवायचा वर्ग सुरू करा. अर्ज वर्षभर झोपला होता, आता जागा झालाय. किती जणांना येत नाही ते कळलं की वर्ग मंजूर.

हेही त्या दिवशी काठावर होते. अंगात ताप होता म्हणून उडी घेता आली नाही. तापात पाण्यात उतरू नये हे खरंच आहे, पण यांच्या मनाला ते फार लागलंय. तेव्हापासून त्या बेकरीचा पाव घरात नाही. सोडा जास्त घालतो म्हणतात. मला कधी जाणवला नाही.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहून ठेवते. मला शिकायचंय. सेहेचाळीस वर्षांची झाले आणि घोट्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही. पाण्याच्या खात्यात नोकरी, आणि ही तऱ्हा.

११ मार्च, मंगळवार

मीटर वाचायचा नियम साधा आहे. काचेखाली जो आकडा दिसतो तो लिहायचा, आपलं डोकं चालवायचं नाही. या वहीलाही तोच नियम लावला. जे ऐकलं ते लिहिलं.

शिंपी म्हणाला, "येतं म्हणजे काय, आजवर बुडालो नाही."

"पाण्यात कधी उतरलात?"

"उतरलो नाही म्हणून तर बुडालो नाही."

लिहिलं, होय. न्हाव्याच्या घरात सहा माणसं, सहाही पोहणारी, त्यातलं एक अजून पाळण्यात. "आमच्या रक्तातच आहे ते," म्हणाला. कोपऱ्यावरच्या दूधवालीला विचारलं, तुमच्या मालकांना खरंच येतं का? ती म्हणाली, "ते येतं म्हणाले ना? मग येतं. मी कशाला घरात आग लावून घेऊ?"

फक्त बेकरीवाला म्हणाला, "नाही लिहा. ठळक लिहा." लिहिलं. त्याच्याशी जास्त बोलायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी आमचं घर राहिलं होतं. हे बाइंडिंगच्या कारखान्यातून आलेले, बोटांना खळ तशीच. वही बघून म्हणाले, "चार लिही."

लेक म्हणाली, "बाबा, मला कुठे येतं?"

"माझी मुलगी आहेस. पाण्यात पडलीस की येईल."

"आणि आजीला?"

"चार म्हटलं ना."

यांना सगळी वस्ती 'मासा' म्हणते. लहानपणी मामाच्या गावी पुरात नदी पार केली होती, ती गोष्ट मी लग्नाच्या आठव्या दिवसापासून ऐकतेय. पहिल्यांदा नदी एका दमात पार केली होती, आता खांद्यावर वासरू असतं. ही गोष्ट सुरू झाली की सासूबाईंना नेमकं काहीतरी काम आठवतं आणि त्या उठून आत जातात. आजही गेल्या. मी चार लिहिलं. माशाच्या घरात तीन माणसं बुडणारी, हे कोणाच्या तोंडी कशाला द्या, असं वाटलं. म्हणजे डोकं चालवलंच की मी.

२ एप्रिल, बुधवार

तलावाच्या फाटकावर कागद चिकटवलाय. वस्तीतल्या त्र्याण्णव टक्के लोकांना पोहता येतं, सबब शिकवण्याच्या वर्गाची गरज नाही. छोटा तलाव बुजवून तिथे मोठ्या तलावातल्या शर्यती बघायला बसायच्या पायऱ्या बांधणार. काम पाच मेपासून.

फाटकाशी गर्दी होती. सगळे वाचत होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. न्हावी म्हणाला, "अन्याय आहे हा." मी म्हटलं, "तुमच्या तान्ह्याला घेऊन जा की शर्यतीला." म्हटलं खरं, पण चारचा आकडा माझ्याच हातचा होता.

३ एप्रिल, गुरुवार

साहेबांकडे गेले. सांगितलं, आकडे चुकीचे आहेत.

"सही कोणाची आहे?"

"माझी."

"म्हणजे खोटी नोंद तुम्ही केलीत."

"मी ऐकलं ते लिहिलं. लोक खोटं बोलले. मीही बोलले, माझ्या घराबद्दल."

साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, दुरुस्तीची सोय आहे. ज्याची माहिती चुकली असेल त्याने स्वतः यायचं, तीस एप्रिलच्या आत, खिडकीवर उभं राहून सांगायचं आणि सही करायची. एकाने दुसऱ्याचं सांगितलेलं चालणार नाही. हे सांगताना ते हसत होते. त्यांना आमची वस्ती पक्की ठाऊक आहे. त्र्याण्णव टक्क्यांतला एकही पुरुष तिथे येऊन उभा राहणार नाही, असं त्यांचं गणित.

"आणि बाई," मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, "खोटी नोंद ही गंभीर बाब असते. फार ताणू नका."

आता तर ताणणारच.

४ एप्रिल, शुक्रवार

पहिली मीच गेले. खिडकीला जाड काच आहे आणि बोलायचं भोक खाली, पोटाच्या उंचीवर. आतली कारकून बाई म्हणाली, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"मला पोहता येत नाही."

"काय येत नाही?"

"पोहता."

मागे बिलं भरायला उभी असलेली सगळी रांग वळली. माझे कान तापले. कारकून बाईने कागद सरकवला, सही केली, बाहेर आले. पायऱ्या उतरताना हसूच आलं. एवढ्यासाठी माणसं सहा महिन्यांच्या पोराला पोहायला लावतात?

१० एप्रिल, गुरुवार

रोज मीटर झाले की त्याच दारांवर दुसऱ्यांदा जाते. आता दारं लवकर उघडत नाहीत. शिंपी म्हणतो त्याचे गुडघे दुखतात, खिडकीपर्यंत जाववत नाही. एक जण म्हणाला, बायको जाऊ दे, मी गेलो तर दुकानात बसता येणार नाही. बायका मात्र येताहेत. दूधवाली तर काल नवऱ्याला घरी ठेवून पाचजणींना घेऊन गेली आणि काचेपाशी एवढ्या जोरात ओरडली म्हणे की कारकून बाईने कानावर हात ठेवले.

आज हिय्या करून बेकरीत गेले. म्हटलं, तुम्ही पुरुषांना दोन शब्द सांगा, तुमचं ऐकतील. बेकरीवाला पीठ मळत होता, हात थांबवले नाहीत.

"बाई, तुमच्या वहीत शंभरातल्या त्र्याण्णवांना येतं ना? त्या दिवशी काठावर एकोणीस माणसं होती. मी पलीकडच्या काठावर होतो, मला सगळे दिसत होते. तुमच्या वहीप्रमाणे त्यातल्या सतरा-अठराजणांना येत होतं."

त्याने पिठावर पाण्याचा हबका मारला.

"मी कोणाला दोष देत नाही. येत नाही तर येत नाही. मलाही येत नाही. पण एकाने जरी ओरडून सांगितलं असतं की बाबा आम्हाला येत नाही, तर मी दोर आणायला पळालो असतो. दोर दुकानातच होता. मी बघत राहिलो, आता कोण उडी मारतोय."

मग त्याने पीठ उलटं केलं आणि पुन्हा मळायला लागला. मी पाव न घेताच बाहेर आले.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. एकोणीस माणसं. यांना ताप होता, म्हणजे अठरा. त्या अठराजणांना घरी जाऊन जेवण कसं गेलं असेल? यांना सांगितलं सगळं, वाटलं होतं यांनाही चीड येईल. हे ताटावरून उठले. म्हणाले, "त्या बेकरीत तुला कोणी जायला सांगितलं होतं?"

१५ एप्रिल, मंगळवार

आज सासूबाई माझ्या आधी चपला घालून दारात. वय अठ्ठ्याहत्तर. "मला खिडकीवर ने," म्हणाल्या. रस्ताभर माझा दंड धरून चालल्या. काचेपाशी त्यांचं डोकं बरोबर भोकाच्या उंचीवर आलं, त्यामुळे ओरडावं लागलं नाही.

"आजी, या वयात पोहून काय करणार?" कारकून बाईने विचारलं. वाईट नव्हतं तिचं बोलणं, सहजच.

"मी काय करीन ते मी बघीन. तू कागद दे," सासूबाई म्हणाल्या.

येताना म्हटलं, आता घरात पोहणारे हेच एकटे उरले. सासूबाई सावलीत थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्या भावाच्या गावाला नदी नव्हती. ओढा होता, तोही उन्हाळ्यात आटायचा." वयाने आठवणींची गल्लत होते माणसाची. मी विषय वाढवला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

मला आज चांगली कल्पना सुचली होती. यांना म्हटलं, ऑफिस गेलं खड्ड्यात. तुम्ही शिकवा की आम्हाला. छोट्या तलावाचं तिकीट काढू, तुम्ही एकेकाला धरा. माशाने शिकवलं म्हटल्यावर पुरुषही येतील, लाज राहणार नाही.

यांनी हातातली वाटी अशी ठेवली की पाणी सांडलं. "तुझ्या वहीने माझं वाटोळं करायचं ठरवलंय का?" म्हणाले आणि बाहेर पडले.

आता यात वाटोळं कुठून आलं? मीही चिडले. एवढं येतं तर चारजणांना शिकवायला काय जातं? गर्व, दुसरं काय. कारखान्यातही हल्ली मोठा वळसा घालून जातात, पुलावरून नाही. रस्ता खणलाय म्हणतात. तो रस्ता बुजवून चार महिने झाले, मी स्वतः रोज जाते त्यावरून. आळशी माणूस जवळचा रस्ता शोधतो, हा माणूस लांबचा शोधतो.

लेक म्हणाली, "आई, बाबांना आता काही बोलू नकोस." ती काल खिडकीवर जाऊन आली, मला न सांगता. बापाची बाजू घेते आणि कागदावर माझी.

२४ एप्रिल, गुरुवार

माझा भाग काढून घेतला. उद्यापासून मला गोदामात नादुरुस्त मीटर मोजायला बसायचं आहे. साहेब म्हणाले, "तुम्हालाच विश्रांती." मी म्हटलं, "साहेब, गोदाम खिडकीच्या समोरच आहे. मला तर दिवसभर कोण येतंय ते दिसेल." त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं. चेहरा पाहण्यासारखा झाला.

भीती वाटत नाही असं नाही. एकोणीस वर्षांची नोकरी आहे. पण बेकरीवाल्याचं पीठ मळणं डोळ्यांसमोरून जात नाही. आपण एक आकडा खोटा लिहिला तर काय होतं, हे मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. बिल चुकतं, एवढंच माहीत होतं.

२८ एप्रिल, सोमवार

बेकरीवाला दुपारची भट्टी उतरवून येतो आणि खिडकीजवळच्या बाकावर बसतो. कोणाला काही बोलत नाही. त्याला बघून शुक्रवारी शिंपी अर्ध्या वाटेतून परत गेला. आज पुन्हा आला, बाकासमोर उभा राहिला, मान खाली. बेकरीवाल्याने सरकून जागा दिली. शिंपी बसला, मग उठून काचेपाशी गेला आणि बोलला. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. त्याच्यामागून संध्याकाळपर्यंत सात-आठ पुरुष आले. न्हावीही आला. "तान्ह्याचं मी सांगितलं तर चालेल ना?" म्हणे. कारकून बाई हसून टेबलावर डोकं टेकून बसली.

३० एप्रिल, बुधवार

शेवटचा दिवस म्हणून रांग दारापर्यंत होती. पाच वाजायला थोडा वेळ होता आणि दारातून हे आत आले. कारखान्यातला एप्रन तसाच, बोटांना खळ. मला वाटलं मला न्यायला आले, काहीतरी वाईट झालं. मी गोदामातून बाहेर आले. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रांगेत उभे राहिले. कोणीतरी म्हणालं, "मासा कसा काय इकडे?" आणि दोघं-तिघं हसले.

नंबर आला. काचेपाशी हे काहीतरी बोलले.

"मोठ्याने बोला. ऐकू येत नाही."

यांनी भोकाशी वाकून पुन्हा सांगितलं. कारकून बाईने मान हलवली, ऐकू येत नाही. तेव्हा हे सरळ उभे राहिले आणि काच सोडून मागे वळले. सगळी रांग समोर, बाकावर बेकरीवाला. आणि ओरडले. चोवीस वर्षांत मी यांचा एवढा आवाज ऐकला नाही.

"मला पोहता येत नाही!"

साहेब केबिनच्या दारात आले. मग हे नेहमीच्या आवाजात बेकरीवाल्याला म्हणाले, "त्या दिवशीही येत नव्हतं. ताप नव्हता मला. तुम्ही पलीकडून माझ्याकडेच बघत होता."

"हो," बेकरीवाला म्हणाला. "तुम्हाला मासा म्हणतात म्हणून."

बेकरीवाला रडत होता, पण उठून गेला नाही. शेवटी त्याने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी जागा केली. हे आधी सही करून आले, मग तिथे बसले. मी गोदामात परत गेले आणि मीटर मोजायला घेतले. एकही आकडा लागला नाही.

२ मे, शुक्रवार

यांच्याशी बोलत नाही मी. खोटं बोलले म्हणून नाही. नदीचं खोटं मी माफ करते, ते वासरासकट. तापाचं मला सांगितलं, त्याचा राग आहे. मी लोकांच्या दारात जाऊन त्या अठराजणांना मनात शिव्या देत होते आणि एकोणिसावा रोज माझ्या शेजारी जेवत होता, वर्षभर, एकटा. मला सांगितलं असतं तर मी काय घराबाहेर काढलं असतं? सासूबाईंना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. त्या म्हणाल्या, "आई आहे मी. पण ते त्यानेच सांगायला हवं होतं."

दुरुस्तीनंतर पोहणारे त्र्याण्णव टक्क्यांवरून अडतीसवर आले. साहेब म्हणतात आकडा पटला, पण ठेकेदाराला काम दिलेलं आहे, आता उशीर झाला. सोमवारी मातीच्या गाड्या येणार.

मग आम्ही आज सगळ्यांनी छोट्या तलावाची सोमवारची दिवसभराची तिकिटं काढली. जेवढी होती तेवढी.

५ मे, सोमवार

सात वाजता आम्ही पाण्यात. पाणी कमरेएवढं, सासूबाईंना छातीपर्यंत. जुने सुती कपडे, तलावाची जीवरक्षक बाई म्हणाली आज चालवून घेते. पहिली पायरी उतरताना लेकीने माझी कंबर धरली. पाणी खालून ढकलतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिंपी कठड्याला दोन्ही हातांनी चिकटलेला. दूधवाली नवऱ्याला घेऊन आली होती. हे आणि बेकरीवाला एका कोपऱ्यात, दोघांचे दात वाजत होते.

साडेआठला गाड्या आल्या आणि मागून साहेब. काठावर उभे राहून म्हणाले, "सगळे बाहेर या. काम सुरू करायचंय."

कोणी हललं नाही.

"बाहेर या म्हणतोय ना."

सासूबाई म्हणाल्या, "कसं येणार, साहेब? आम्हाला पोहता येत नाही. लेखी दिलंय तुम्हाला."

गाडीवाले हसायला लागले. लेक म्हणाली, "तुम्हाला येतं ना? मग उतरा आणि काढा एकेकाला." साहेबांनी बुटांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग काठापासून एक पाऊल मागे सरकले. मला तेवढ्यात सगळं कळलं. त्यांचं घर आमच्या यादीत नव्हतं.

"आमची तिकिटं संध्याकाळपर्यंतची आहेत," मी म्हटलं. "उद्याची पण काढलीत."

साहेब कोणाला तरी फोन करायला गेले. काय ठरेल माहीत नाही. नोकरी राहील की जाईल तेही माहीत नाही. गाड्या भरलेल्याच उभ्या होत्या, गाडीवाले सावलीत बसून आमच्याकडे बघत होते.

जीवरक्षक बाईने शिट्टी वाजवली. "आलाच आहात तर शिका. तोंड पाण्यात घालायचं, श्वास धरून. पहिला कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आमची जुनी सवय. तेव्हा हे म्हणाले, "मी." मोठ्याने म्हणाले. बेकरीवाल्याने यांचा दंड धरला, यांनी नाक दाबलं आणि खाली गेले. मी मोजायला लागले. पाचला मला वाटलं आता आलेच. सात, आठ. दहाला यांचं डोकं वर आलं, नाकातोंडातून पाणी, डोळे लाल, खोकला थांबेना. चार दिवसांत पहिल्यांदा मी यांच्याशी बोलले. विचारलं, "बरं वाटतंय ना?"

यांनी तोंड पुसलं, बेकरीवाल्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "थांब, परत जातो."